नव्या रॉकेटचं पहिलं उड्डाण खानदेशात बसून नीट कसं पाहायचं

रॉकेट उडताना बघणं आता सोपं झालं आहे. मोबाइल उघडला की जगात कुठे ना कुठे एखादं निघालेलं असतंच. पण नव्याकोऱ्या रॉकेटचं पहिलं उड्डाण हा प्रकारच वेगळा. इंजिनं जमिनीवर पुन्हा पुन्हा पेटवून पाहता येतात, संगणकावर अख्खं उड्डाण हवं तितक्या वेळा चालवून बघता येतं. मात्र खालचा टप्पा, म्हणजे स्वतःचं इंजिन आणि इंधन असलेला रॉकेटचा भाग, हवेत सुटणं, वरचं इंजिन निर्वातात पेटणं आणि उपग्रहाला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग मिळणं, हे सगळं एकापाठोपाठ पहिल्यांदा घडतं ते त्याच दिवशी.

इस्रोचाच इतिहास पाहा. एसएलव्ही-३ पहिल्यांदा उडालं १० ऑगस्ट १९७९ ला आणि बंगालच्या उपसागरात पडलं. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं. एसएसएलव्हीचं ७ ऑगस्ट २०२२ ला फसलं. आणि ही तिन्ही रॉकेटं दुसऱ्या उड्डाणात यशस्वी झाली: १८ जुलै १९८०, १५ ऑक्टोबर १९९४ आणि १० फेब्रुवारी २०२३. स्पेसएक्सच्या फाल्कन-१ ची तर पहिली तीन उड्डाणं वाया गेली, चौथं २८ सप्टेंबर २००८ ला जमलं. उलट अमेरिकेचं व्हल्कन ८ जानेवारी २०२४ ला पहिल्याच फटक्यात कामगिरी फत्ते करून गेलं. त्यामुळे आधी छातीठोकपणे कुणीच काही सांगू शकत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शाळा-कॉलेजांत हल्ली असे कार्यक्रम हौसेने होतात. पडद्यावर जाळ-धूर दिसतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला मंडळी उठायला लागतात. मला याची फार हळहळ वाटते, कारण खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. ती समजून पाहायची तर उड्डाणाच्या आदल्या दिवशी वहीचं एक पान तयार हवं. हा लेख मुख्यतः त्या पानाबद्दल आहे. बाकीचं त्याच्या आगेमागे.

आधी रॉकेटची ओळख करून घ्या

चार गोष्टी शोधून लिहा: टप्पे किती, प्रत्येक टप्प्यात इंधन कोणतं, वर काय घेऊन जाणार आहे आणि कुठल्या कक्षेत सोडणार आहे. इस्रो प्रत्येक मोहिमेची पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर टाकते, बाहेरच्या कंपन्याही पत्रकारांसाठी माहितीपत्रक काढतात. बातम्यांपेक्षा हे मूळ कागद वाचा.

इंधनाचा प्रकार कळला की अर्धी गोष्ट कळते. घन इंधनाचा टप्पा एकदा पेटला की विझवता येत नाही. द्रव इंधनाचं इंजिन पेटवून, तपासून, गडबड वाटली तर बंद करता येतं. एसएसएलव्ही ३४ मीटर उंच, साधारण १२० टन वजनाचं, ५०० किलोपर्यंतचा उपग्रह ५०० किलोमीटरवर नेण्यासाठी बनवलेलं. त्याचे तिन्ही मुख्य टप्पे घन इंधनाचे आणि माथ्यावर वेग अचूक जुळवण्यासाठी द्रव इंधनाचा एक छोटा भाग. हैदराबादच्या स्कायरूट कंपनीच्या विक्रम-१ ची रचनाही याच वळणाची: खाली घन इंधनाचे तीन टप्पे, वर द्रव इंधनाचा छोटा टप्पा. चेन्नईच्या अग्निकुलचं अग्निबाण मात्र द्रव इंधनावरचं, त्यामुळे त्याच्या उड्डाणाआधीची शेवटची मिनिटं अगदी वेगळी दिसतात.

एक घोळ इथेच मिटवून टाका. स्कायरूटचं विक्रम-एस १८ नोव्हेंबर २०२२ ला आणि अग्निकुलचं चाचणी रॉकेट ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून उडालं, पण ही उड्डाणं कक्षेत जाण्यासाठी नव्हतीच. वर जाऊन खाली येणं आणि पृथ्वीभोवती फिरत राहणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर जायला उंची लागते, फिरत राहायला आडवा वेग लागतो. विक्रम-एस ८९.५ किलोमीटरपर्यंत गेलं आणि समुद्रात उतरलं, आणि ठरलेलंही तेवढंच होतं.

तारखेवर कधी विश्वास ठेवायचा

पहिल्या उड्डाणाची जाहीर झालेली पहिली तारीख ही इच्छा समजा. युरोपचं एरियान-६ २०२० मध्ये उडायचं होतं, उडालं ९ जुलै २०२४ ला. अमेरिकेच्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू ग्लेनचीही तीच कथा, तेही २०२० वरून घसरत घसरत १६ जानेवारी २०२५ ला आलं. तेव्हा वर्षभर आधीच्या बातमीवर शाळेचा कार्यक्रम ठरवू नका.

मी तारखेऐवजी तयारीचे टप्पे पाहत जातो. सुटे भाग तळावर पोचले का? रॉकेट उभं राहिलं का? द्रव इंधनाचं असेल तर इंधन भरून उलट्या गणतीची रंगीत तालीम झाली का, आणि रॉकेट मंचाला घट्ट बांधून ठेवत इंजिनं काही सेकंद पेटवून पाहिली का? ही पेटवण्याची चाचणी झाली आणि तिचे निकाल चांगले आले की मग दोन-चार आठवड्यांचा अंदाज बांधायला हरकत नाही. घन इंधनाच्या रॉकेटात अशी चाचणी मंचावर होऊच शकत नाही. तिथे एकेका टप्प्याची मोटर चाचणी तळावर बांधून वेगळी जाळून पाहतात. विक्रम-१ च्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे कलाम-१२०० मोटरची, अशी चाचणी ८ ऑगस्ट २०२५ ला श्रीहरिकोट्यात झाली. अशा बातम्यांची कात्रणं ठेवा.

त्यानंतर परवानग्या. अमेरिकेत खाजगी रॉकेटाला तिथल्या विमानवाहतूक खात्याचा परवाना लागतो, आपल्याकडे खाजगी कंपनीला इन-स्पेस या केंद्र सरकारच्या संस्थेची मंजुरी लागते.

आणि शेवटी नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठीची सूचना. रॉकेटचे टप्पे समुद्रात जिथे पडणार तो पट्टा विमानांसाठी बंद ठेवतात, तशीच सूचना जहाजांसाठीही निघते. हे कागद सर्वांना वाचता येतात आणि फार बोलके असतात. बंद पट्ट्यांचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाका, रॉकेट कोणत्या दिशेला जाणार ते समोर येतं. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, जाणारी रॉकेटं आधी आग्नेयेला जातात आणि मग दक्षिणेकडे वळतात, कारण सरळ दक्षिणेला श्रीलंका आहे. हे वळण नोटामच्या पट्ट्यांत स्वच्छ दिसतं.

नोटाममधली वेळ दहा आकड्यांत लिहिलेली असते: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, प्रत्येकी दोन आकडे. २२०८०७०३४८ असं लिहिलं असेल तर ते झालं २०२२, ऑगस्ट, ७ तारीख, ३ वाजून ४८ मिनिटं. ही जागतिक प्रमाणवेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवा, ९ वाजून १८ मिनिटं येतात. एसएसएलव्ही त्या रविवारी सकाळी नेमकं ९:१८ ला उडालं होतं. सूचनेत मात्र उड्डाणाचा नेमका क्षण नसतो, पट्टा कधीपासून कधीपर्यंत बंद राहील एवढंच असतं. एकापाठोपाठच्या बऱ्याच दिवसांसाठी सूचना निघाली असेल तर बाकीचे दिवस राखीव आहेत असं समजावं.

साडेपाच तासांच्या या हिशेबात तारीख बदलते, तिकडे लक्ष ठेवा. एरियान-६ जागतिक वेळेनुसार ९ जुलैला १९:०० वाजता उडालं, आपल्याकडे तेव्हा १० जुलैचे रात्रीचे साडेबारा वाजले होते. फ्लोरिडाची स्थानिक वेळ दिली असेल तर हिवाळ्यात साडेदहा तास मिळवा, उन्हाळ्यात साडेनऊ. न्यू ग्लेन तिथे रात्री दोनला उडालं आणि आपल्याकडे दुपारचे साडेबारा होऊन गेले होते. शाळेसाठी ती वेळ अगदी सोयीची. जपानची काही रॉकेटं आपल्या सकाळी उडतात, चहाच्या वेळेला.

वहीचं ते पान

रोजमेळाची किंवा हिशेबाची जुनी वही घ्या, तिची पानं रुंद असतात. आडवं पान धरून सहा रकाने आखा: घटना, ठरलेली वेळ, ठरलेली उंची, ठरलेला वेग, प्रत्यक्ष वेळ, शेरा. पहिले चार रकाने आदल्या रात्रीच माहितीपत्रकातून भरायचे, पेनाने. शेवटचे दोन उड्डाण चालू असताना, पेन्सिलने. वेळ नेहमी उड्डाणाच्या क्षणापासून मोजलेली लिहा, घड्याळातली नको. उड्डाण अर्धा तास लांबलं तरी पान बदलावं लागत नाही.

कोणत्या घटना लिहायच्या? दोन टप्प्यांच्या रॉकेटात साधारण असा क्रम असतो. जमीन सोडली. मग मिनिटाच्या आसपास हवेचा दाब सर्वाधिक होतो. खाली हवा दाट असते पण वेग कमी, वर वेग जास्त पण हवा विरळ. मधल्या एका जागी दोन्ही मिळून रॉकेटच्या अंगावर सगळ्यात जास्त जोर येतो. बांधणीत कच्चेपणा असेल तर तो इथे उघडा पडतो. अडीच-तीन मिनिटांनी पहिला टप्पा बंद होतो, काही सेकंदांत तो सुटतो, आणखी काही सेकंदांत दुसऱ्याचं इंजिन पेटतं. मग उपग्रहावरचं कवच दोन भागांत उघडून गळून पडतं, कारण हवा संपलेली असते आणि उगीच ओझं वाहण्यात अर्थ नसतो. आठ-दहा मिनिटांच्या आसपास दुसरं इंजिन बंद होतं. शेवटी उपग्रह सुटतो. घन इंधनाच्या रॉकेटात टप्पे जास्त असतात आणि दोन टप्प्यांच्या मध्ये कधी कधी रॉकेट काही वेळ इंजिनाविना नुसतं पुढे सरकत असतं. ही शांत वेळ आधी लिहून ठेवली नसेल तर बघणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलं.

पहिला टप्पा सुटणं आणि वरचं इंजिन पेटणं, या दोन ओळींभोवती लाल चौकट करा. नवी रॉकेटं सगळ्यात जास्त इथे अडखळतात. अमेरिकेच्या रिलेटिव्हिटी कंपनीचं टेरान-१ हे बहुतांश थ्रीडी छपाईने बनवलेलं रॉकेट २३ मार्च २०२३ ला सर्वाधिक दाबातून सुखरूप पार झालं, पहिला टप्पाही सुटला आणि दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनाने पुरता जोर धरलाच नाही.

नेट, लाइट आणि खोटी थेट प्रक्षेपणं

प्रक्षेपण अधिकृत चॅनेलवरच पाहा. दुवा शोधून काढण्यापेक्षा संस्थेच्या संकेतस्थळावरून उघडा. मोठ्या उड्डाणाच्या दिवशी यूट्यूबवर नकली चॅनेलं उगवतात, जुनी चित्रफीत किंवा संगणकावरची चलतचित्रं थेट म्हणून दाखवतात, कडेला क्यूआर कोड देऊन पैसे दुप्पट करून देण्याचं आमिषही असतं. तो कोड स्कॅन करू नका आणि गटात पुढे पाठवू नका.

मोबाइलच्या नेटवर प्रक्षेपण पाहणार असाल तर चित्राचा दर्जा आधीच खाली आणून ठेवा. अडकत चाललेल्या झकास चित्रापेक्षा धूसर पण सलग चित्र बरं. आकडे वाचता आले म्हणजे झालं. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत, अक्राणी-अक्कलकुवा भागात, रेंजचा भरवसा नसतो, तिथे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं जवळ ठेवा. लाइट जाण्याची सवय आपल्याला आहेच. शाळेतला टीव्ही इन्व्हर्टरवर नसेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करून ठेवा. थेट म्हटलेलं चित्रही प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतं, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाशी त्याचा मेळ घालू नका, पडद्यावरचंच घड्याळ प्रमाण माना.

उलटी गणती आणि थांबलेलं घड्याळ

गणती थांबली की लोक कंटाळतात. पण काही थांबे आधीच ठरलेले असतात, मागे पडलेली कामं उरकण्यासाठी. अचानक आलेला थांबा वेगळा. अशा वेळी निवेदक काय म्हणतो ते शब्दशः वहीत टिपा: हवामान, वरच्या थरातला वारा, समुद्रात शिरलेली बोट, यंत्रणेतला एखादा आकडा. हवामानाचा अडथळा तासाभरात सुटू शकतो, यंत्रणेचा सुटला नाही तर त्या दिवसाचा नाद सोडावा. न्यू ग्लेनचा १३ जानेवारी २०२५ चा प्रयत्न एका नळीत बर्फ साचल्यामुळे सोडून द्यावा लागला आणि तीन दिवसांनी तेच रॉकेट कक्षेत गेलं.

श्रीहरिकोट्याच्या हवामानाबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ असतं, कापूस वेचणी चालू असते, म्हणून तिकडेही तसंच असेल असं वाटतं. आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ आहे.

द्रव इंधनाची इंजिनं उड्डाणाच्या काही सेकंद आधी पेटतात. संगणक त्यांची नाडी तपासतो आणि मगच रॉकेट मोकळं सोडलं जातं. जपानच्या एच-३ रॉकेटच्या पहिल्या प्रयत्नात, १७ फेब्रुवारी २०२३ ला, मुख्य इंजिनं पेटली, धूर निघाला, पण बाजूची घन इंधनाची बूस्टरं, म्हणजे जादा जोर देणारी जोड-रॉकेटं, पेटलीच नाहीत आणि रॉकेट मंचावर उभंच राहिलं. याला अपयश म्हणायचं की थांबवलेलं उड्डाण, यावरून तिथल्या पत्रकार परिषदेत बरीच वादावादी झाली. माझ्या मते ते थांबवलेलं उड्डाण होतं. बिघाड ओळखून यंत्रणा वेळेत थांबली आणि रॉकेट शाबूत राहिलं, याहून चांगली गोष्ट त्या क्षणी होऊ शकत नव्हती.

ती दहा मिनिटं

उड्डाण झालं की जाळाकडे बघू द्या सगळ्यांना, तो आनंद कुणी हिरावू नये. वही मात्र एकाच्या हातात आणि पडद्यावरचे आकडे मोठ्याने वाचायचं काम दुसऱ्याकडे द्या. शाळेत हे काम मुलांकडे सोपवा, ती फार मन लावून करतात.

उंचीपेक्षा वेगाचा आकडा पाहा. उंची फसवते, कारण इंजिन बंद पडलं तरी आधी मिळालेल्या जोरावर रॉकेट काही मिनिटं वर चढतच राहतं. वेग फसवत नाही. इंजिन चालू असायला हवं त्या वेळी वेगाचा आकडा वाढायलाच हवा. एच-३ दुसऱ्यांदा, ७ मार्च २०२३ ला आपल्या सकाळी सातच्या सुमारास, खरोखर उडालं. पहिला टप्पा नीट सुटला. त्यानंतर दुसऱ्या टप्प्याचं इंजिन पेटल्याची खबर येईना. उंची वाढत होती आणि वेग उतरत होता. ठरलेल्या वेगाचा रकाना ज्याने आधी भरून ठेवला असेल त्याला घोषणेच्या कितीतरी आधी कळलं असेल. उड्डाणानंतर सुमारे १४ मिनिटांनी रॉकेट नष्ट करण्याचा आदेश दिला गेला, त्यासोबत एएलओएस-३ हा पृथ्वीनिरीक्षण उपग्रहही गेला.

इस्रोच्या प्रक्षेपणात आकड्यांसोबत आलेखही असतो. ठरलेल्या मार्गाची रेघ आधीच काढलेली असते आणि प्रत्यक्ष मार्ग तिच्यावरून सरकत जातो. दोन्ही एकमेकींवर असल्या की ठीक. प्रत्यक्ष रेघ खाली झुकायला लागली तर निवेदकाच्या आवाजाकडे लक्ष द्या. दर टप्प्याला येणारा कामगिरी सामान्य असल्याचा पुकार थांबतो, नियंत्रण कक्षात माना वळतात, कॅमेरा बराच वेळ एकाच जागी राहतो. तरीही लगेच निकाल देऊ नका. रॉकेट एका ट्रॅकिंग केंद्राच्या, म्हणजे त्याच्याकडून येणारी माहिती टिपणाऱ्या केंद्राच्या, टापूतून निघून दुसऱ्याच्या टापूत जाईपर्यंत माहिती काही काळ तुटते, आणि हेही ठरलेलंच असतं.

रॉकेट लॅब कंपनीच्या इलेक्ट्रॉन रॉकेटचं पहिलं उड्डाण, २५ मे २०१७ चं, इथे आठवण्यासारखं आहे. रॉकेट उत्तम चाललं होतं, अवकाशात पोचलंही होतं. जमिनीवरच्या एका यंत्रणेची जुळणी चुकीची असल्यामुळे त्याची माहिती येणं तुटलं आणि सुरक्षेच्या नियमानुसार चांगलं रॉकेट थांबवावं लागलं. पुढचं उड्डाण २१ जानेवारी २०१८ ला कक्षेत गेलं.

कक्षेत गेलं म्हणजे नेमकं काय

निकालासाठी दोन आकडे लागतात: उपभू, म्हणजे पृथ्वीपासून सर्वांत जवळचा बिंदू, आणि अपभू, म्हणजे सर्वांत लांबचा. उपभू हवेच्या दाट थरात असेल तर बाकी काहीही असो, ती कक्षा टिकत नाही.

एसएसएलव्हीची ती सकाळ हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. घन इंधनाचे तिन्ही टप्पे व्यवस्थित जळले, टाळ्या झाल्या, उपग्रह सुटल्याचंही दिसलं. मग शेवटच्या भागातली काही माहिती मिळालेली नाही, एवढंच इस्रोने सांगितलं. त्या वेळी बऱ्याच ठिकाणी यशाची बातमी चढली होती. दुपारी खुलासा आला: कक्षा ३५६ किलोमीटरची वर्तुळाकार हवी होती, झाली ३५६ गुणिले ७६. अपभू बरोबर, उपभू ७६ किलोमीटर, म्हणजे सरळ हवेत. हिशेब केला तर वेगात कमतरता होती ती साधारण एक टक्क्याची. तेवढ्याने इस्रोचा ईओएस-०२ हा उपग्रह गेला आणि देशभरातल्या ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी उपकरणं बनवलेला आझादीसॅटही गेला.

कारण पुढे चौकशीत कळलं. दुसरा टप्पा सुटताना क्षणभर कंप झाला, त्यात त्वरण मोजणाऱ्या संवेदकांची मापं मर्यादेबाहेर गेली, संगणकाने संवेदकच बिघडले असं ठरवलं आणि आणीबाणीच्या पद्धतीने काम पुढे नेलं. त्या पद्धतीत वेग जुळवणारा वरचा छोटा भाग वापरलाच गेला नाही. ही दुरुस्ती करून सहा महिन्यांनी दुसरं एसएसएलव्ही उडालं, त्यात आझादीसॅट-२ होता आणि तो कक्षेत पोचला.

म्हणून उपभूचा आकडा अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत वहीतला शेऱ्याचा शेवटचा रकाना रिकामा ठेवा. शाळेच्या गटावर अभिनंदनाचा संदेशही तोवर नको. आणि फसलं तर कंपनी काय कारण देते ते काही आठवड्यांनी आवर्जून वाचा. एरियान-५ चं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ ला ३७ सेकंदांच्या आसपास बिघडलं, कारण जुन्या एरियान-४ मधला संगणक कार्यक्रमाचा एक तुकडा तसाच उचलला होता आणि नव्या रॉकेटच्या वेगाचा आकडा त्याच्या ठरलेल्या जागेत मावला नाही. आपल्याकडच्या कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्यांना हा अहवाल एकदा वाचायला द्यायलाच हवा.

श्रीहरिकोट्याला जायचं का?

इथून दिसेल का, हा प्रश्न नेहमी येतो. जळगावहून श्रीहरिकोटा सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे तिथलं रॉकेट सुमारे सत्तर किलोमीटर उंच गेल्याशिवाय आपल्या क्षितिजाच्या वर येत नाही, आणि तोवर ते समुद्राकडे लांब निघालेलं असतं. म्हणजे नाही दिसणार.

जायचं तर नंदुरबार, जळगाव, भुसावळवरून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्स्प्रेस आहे, जवळपास एक दिवसाचा प्रवास. धुळेकरांना यातलं एखादं स्टेशन गाठावं लागतं. श्रीहरिकोट्यासाठी उतरायचं स्टेशन सुल्लुरूपेटा, चेन्नई आणि गुडूरच्या मध्ये. तिथून तळ साधारण १८ किलोमीटर, पुलिकत सरोवरातून जाणाऱ्या रस्त्याने. इस्रोची प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे, नाव नोंदणी ऑनलाइन होते आणि जागा भराभर संपतात. मूळ ओळखपत्र जवळ लागतं.

माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या उड्डाणासाठी एवढ्या लांब जाऊ नका. तारीख एकदा हलली की परतीचं आरक्षण आणि रजा दोन्ही जातात. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर रुळलेल्या रॉकेटचं उड्डाण निवडा आणि पहिलं उड्डाण घरी वही घेऊन बघा. मध्यरात्रीचं असेल आणि दिवस थंडीचे असतील तर शेतात भरीत पार्टी ठेवा, लोक जागे राहतात.

नंतर आकाशात शोधायचं असेल तर

उड्डाण यशस्वी झालं की रॉकेटचा वरचा टप्पाही बहुतेक वेळा काही काळ कक्षेत फिरत असतो आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. उपग्रह कधी आणि कुठे दिसतील ते सांगणाऱ्या हेव्हन्स-अबव्ह या संकेतस्थळावर आपलं ठिकाण टाका, जळगावसाठी २१ अंश उत्तर आणि ७५.६ अंश पूर्व चालेल. नवी वस्तू पहिले काही दिवस नावाऐवजी क्रमांकाने नोंदलेली असते: वर्ष, त्या वर्षातलं कितवं उड्डाण आणि पुढे एक अक्षर. सूर्य मावळल्यानंतरचा किंवा उगवण्याआधीचा तास-दीड तास बघायचा. तेव्हा आपल्याकडे अंधार असतो आणि वर ऊन असतं. तोरणमाळचं आकाश यासाठी उत्तम. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांचा ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. तिथे दिवसा जाऊन तो जरूर पाहा, पण परिसर अभयारण्यात येतो, रात्री थांबायचं तर वनखात्याला विचारूनच. पहिल्या उड्डाणात बहुधा छोटे उपग्रह असतात, त्यांतले काही ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झवर संदेश पाठवतात. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाला साधा यूएसबी रिसीव्हर आणि घरी बनवलेला अँटेना लावून ते ऐकता येतात.

वर गेलेलं कधी खालीही येतं. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी खानदेश-विदर्भाच्या आभाळात जळत जाणारे गोळे दिसले आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात धातूचं मोठं कडं पडलं, तो चीनच्या एका रॉकेटचा टप्पा होता. असं काही शिवारात सापडलं तर हात लावू नका, टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलं आणि गुरं लांब ठेवा, लांबूनच फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, पोलीस पाटील किंवा तहसीलदारांना कळवा. पिकाचं किंवा घराचं नुकसान झालं असेल तर पंचनामा जरूर करून घ्या. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई रॉकेट सोडणाऱ्या देशाने द्यायची असते, आणि तो दावा आपलं सरकार मांडतं ते गावातल्या या कागदाच्या आधारावर.